मिंकपालन : फरच्या शेतीचे वर्ष आणि डेन्मार्कमधील तिची अखेर

मिंक हा पाणमांजराच्या कुळातील लहान, मांसाहारी प्राणी. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला. त्याच्या दाट, तकतकीत फरसाठी त्याला पिंजऱ्यात वाढविण्याचा व्यवसाय गेल्या शतकात युरोपमध्ये रुजला आणि डेन्मार्क त्यात अग्रेसर ठरला. २०२० मध्ये तेथे सुमारे अकराशे मिंकपालक होते. त्यांच्याकडील प्राण्यांची संख्या दीड कोटीच्या घरात, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या अडीच पटींहून अधिक होती.

मिंकपालकाचे वर्ष सूर्यप्रकाशावर चालते. मार्चमध्ये नर-मादीचा संयोग घडवून आणला जातो. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीस पिल्ले जन्मतात. एका वेताला सरासरी पाच-सहा पिल्ले. जन्मतः ती आंधळी व जवळजवळ केसविरहित असल्याने हे दिवस सर्वांत जोखमीचे. सुमारे आठ आठवड्यांनी त्यांना आईपासून वेगळे करतात. लांबलचक, दोन्ही बाजूंनी उघड्या शेडमध्ये तारेच्या पिंजऱ्यांच्या रांगा असतात. प्रत्येक पिंजऱ्याला पेंढा घातलेली पेटी जोडलेली. मासळी आणि कत्तलखान्यातील टाकाऊ मांस दळून केलेला लगदा पिंजऱ्याच्या जाळीवर टाकला जातो आणि प्राणी तो खालून चाटून खातात. खाद्य हा या धंद्यातील मोठा खर्च असल्याने मासेमारी व मांसप्रक्रिया उद्योग जवळ असणे डेन्मार्कच्या पथ्यावर पडले.

शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की उन्हाळी केस गळून हिवाळी फर भरू लागते. नोव्हेंबरमध्ये ती पूर्ण तयार होते आणि पालकाची खरी परीक्षा याच वेळी असते. प्रत्येक प्राण्याची फर, आकार व प्रकृती पाहून पुढील पैदाशीसाठी कोण राहणार हे ठरते. उरलेल्यांना बंद पेटीत कार्बन मोनॉक्साइड वायूने मारले जाते. कातडे सोलून, चरबी खरवडून, निमुळत्या फळीवर ताणून वाळविले जाते. वर्षभराचे उत्पन्न त्या कातड्यांत असले, तरी धंद्याचे भांडवल म्हणजे मागे ठेवलेले प्राणी. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जोपासलेले रंग व वाण त्यांच्यातच असत.

विक्रीची व्यवस्था सहकारी होती. १९३० मध्ये स्थापन झालेल्या पालकांच्या संघटनेकडे 'कोपनहेगन फर' या लिलावगृहाची मालकी होती. लिंग, आकार, रंग व प्रत यांनुसार कातड्यांची प्रतवारी करून अनेक शेतकऱ्यांचा माल एकाच लॉटमध्ये विकला जाई. ऊस उत्पादकांचे सहकारी कारखाने पाहिलेल्या मराठी वाचकाला ही रचना अपरिचित वाटू नये. मुख्य गिऱ्हाईक मात्र चीन, आणि तेथील मागणी घटली की डेन्मार्कमधील भाव कोसळत.

या व्यवसायावरील आक्षेप जुना आहे व तो केवळ भावनिक नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पोहण्याच्या पाण्यापर्यंत जाण्यासाठी मिंक जड दरवाजेही ढकलतात असे दिसले. पाणी बंद केल्यावर त्यांच्या शरीरातील ताणाचे संप्रेरक वाढले. पिंजऱ्यात पोहण्याची सोय नसते. इंग्लंड व वेल्समध्ये २००० च्या कायद्याने फर-पशुपालन बंद झाले होते. भारताने २०१७ मध्ये मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या फरच्या आयातीस मनाई केली.

डेन्मार्कमध्ये मात्र धंदा थांबविला तो विषाणूने. जून २०२० मध्ये उत्तर जटलंडमधील मिंकना करोनाची लागण आढळली. दाट वस्तीत संसर्ग झपाट्याने पसरला, विषाणूत बदल झाले आणि बदललेला विषाणू माणसांतही आला. लस निष्प्रभ ठरेल या भीतीने पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशातील सर्व मिंक मारण्याचा निर्णय जाहीर केला. निरोगी कळप आणि पैदाशीचे प्राणीही त्यात आले.

काही दिवसांतच उघड झाले, की बाधित क्षेत्राबाहेरील प्राणी मारण्याचा आदेश देण्यास कायद्याचा आधारच नव्हता. कृषिमंत्री मोगेन्स येन्सन यांना राजीनामा द्यावा लागला. तोवर बहुतेक कळप नष्ट झाले होते. लष्करी जमिनीत उथळ पुरलेली शवे कुजताना तयार झालेल्या वायूंमुळे वर आली; २०२१ मध्ये ती उकरून जाळण्यात आली. भरपाईचा अंदाज १९ अब्ज क्रोनरपर्यंत गेला.

पैसे मिळाले, पण वाण परत मिळणारे नव्हते. लिलावगृहाने टप्प्याटप्प्याने बंद होण्याचे ठरविले. जानेवारी २०२३ पासून मिंकपालनास पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा परतणारे पालक अगदी मोजके निघाले. भरपाई घेतलेल्यांच्या रिकाम्या शेड पाडण्याचे काम मात्र त्यानंतरही सुरू राहिले.