वॉटसनच्या हॉटेलात वकिलाची खोली

कॉलेजला असताना एकदा आब्बांबरोबर मुंबईला गेलो होतो. काटेवाडीच्या जमिनीचे एक जुने प्रकरण हायकोर्टात होते आणि वकीलसाहेबांचे ऑफिस काळ्या घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनमध्ये होते. जिने अंधारे, डोक्यावर वायरींची जाळी आणि फळ्या ठोकून पाडलेल्या खोल्यांची रांगच रांग. आब्बांनी एका खांबावर टिचकी मारली आणि म्हणाले, "अरे, हे तर लोखंड आहे. आपल्या भवानीनगरच्या कारखान्याच्या शेडसारखं." त्यांचे निरीक्षण किती बरोबर होते, ते मला पुढे वाचनातून कळले.

ही इमारत म्हणजे एकेकाळचे वॉटसन हॉटेल. जॉन वॉटसन हा मुंबईतला इंग्रज कापडव्यापारी. किल्ल्याचा तट पडल्यावर एस्प्लनेडच्या जागा लिलावात निघाल्या, तेव्हा 1864 मध्ये त्याने ही जागा घेतली. आराखडा रोलंड ऑर्डिश या इंजिनियरचा. खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणल्या आणि 1867 ते 1869 या काळात इथे जोडल्या. इमारतीचा भार लोखंडी सांगाड्यावर. मधल्या विटा नुसत्या भरावाच्या. 1871 मध्ये हॉटेल सुरू झाले. पाच मजले, सुमारे 130 खोल्या, मधल्या चौकावर काचेचे छप्पर.

मुक्कामाला फक्त गोरे. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहाचे. मुक्काम करायचा तो मुसाफिरखान्यात. 1995 पर्यंत हजला जहाजाने जाणारी आपली माणसे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासारख्या ठिकाणी पथारी टाकत. वॉटसनमध्ये देशी माणूस शिरे तो नोकर म्हणून. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही गोष्ट सगळ्यांच्या तोंडी आहे; अभ्यासक मात्र तिला आख्यायिकाच मानतात. मला त्यापेक्षा दुसरा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण तो डोळ्यांनी पाहणाऱ्याने लिहून ठेवला आहे. 1896 च्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरला होता. त्याच्या खोलीत गॅलरीच्या काचेच्या दाराशी एक देशी नोकर गुडघे टेकून काहीतरी दुरुस्त करत होता. बरोबरच्या जर्मन माणसाने काय चुकले हे सांगण्याआधीच त्याच्या जबड्यावर ठोसा मारला. नोकर गप्प राहिला. ट्वेनला त्याच्या लहानपणीच्या गुलामांची आठवण झाली आणि ती त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली. नोकराचे नाव मात्र त्यात नाही.

त्याच वर्षी 7 जुलैला ल्युमिएर बंधूंचे हलते चित्र हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवले गेले, ते याच हॉटेलात. तिकीट एक रुपया, सहा छोटे चित्रपट. त्यातल्या एकाचा विषय होता भिंत पाडणे! आठवड्याभरात, 14 जुलैपासून, खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथे पुढे चार आण्यांचीही जागा मिळू लागली आणि पडदानशीन बायकांसाठी राखीव बॉक्स ठेवले गेले. म्हणजे सिनेमा हॉटेलातून बाहेर पडला, तेव्हा कुठे तो आपला झाला.

वॉटसनच्या मागे हॉटेलची रया गेली. 1903 मध्ये ताज उघडल्यावर श्रीमंत गिऱ्हाईक तिकडे वळले. पुढे मालक बदलले, महेंद्र मॅन्शन असे नाव पडले, मग एस्प्लनेड मॅन्शन. निजायच्या खोल्यांचे तुकडे पाडून भाड्याने दिले गेले. सेशन्स कोर्ट समोर, हायकोर्ट हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वकिलांची दाटी झाली. जिथे देशी माणसाला मुक्काम मना होता, तिथे गावोगावचे अशील चपला वाजवत हिंडू लागले. आमचे आब्बाही त्यातलेच.

पण याला दुसरी बाजू आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी जवळपास गोठवली. गरीब भाडेकरू तगला हे खरे. पण त्या भाड्यात एवढ्या मोठ्या लोखंडी सांगाड्याची डागडुजी कोण करणार? मालक म्हणे परवडत नाही, भाडेकरू म्हणे मालकाचे काम. समुद्राची खारी हवा कोणाचीच वाट पाहत नव्हती. 2005 मध्ये जागतिक पातळीवर धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत हिचे नाव आले आणि त्याच सुमारास पश्चिमेकडच्या गॅलऱ्या कोसळून एक माणूस दगावला.

2019 मध्ये इमारत धोकादायक ठरवून म्हाडाने रिकामी करून घेतली. आयआयटीच्या अहवालाने पाडण्याची शिफारस केली. वारसा जपणाऱ्यांच्या तज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचे सांगितले, आणि वाद कोर्टात गेला. वकिलांनी फायलींचे गठ्ठे हमालांकरवी खाली उतरवले. त्यात आमचाही एक होता. वकीलसाहेबांनी नव्या ऑफिसचा पत्ता फोनवर सांगितला, तेव्हा आब्बांनी आधी विचारले, "मग त्या खांबांचं काय करणार?"