सॅंडकास्ट : पहिल्या ७,४१४ गाड्यांची गोष्ट



जुन्या जपानी मोटरसायकली हुडकून पुन्हा उभ्या करणाऱ्यांमध्ये 'सॅंडकास्ट' या शब्दाला भलताच मान आहे. सॅंडकास्ट म्हणजे होंडा सीबी ७५० च्या अगदी पहिल्या ७,४१४ गाड्या. गंमत म्हणजे त्यांच्या नावातल्या वाळूचा त्यांच्याशी काही संबंध नाही!

१९६० च्या दशकात होंडाचं नाव होतं ते लहान गाड्यांसाठी. सीबी ४५० अमेरिकेत नेली खरी, पण तिथल्या लोकांना ती कमीच वाटली. प्रकल्पप्रमुख योशिरो हाराडा १९६७ मध्ये तिकडे जाऊन हे ऐकून आले. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाडीची ताकद ६६ अश्वशक्ती, म्हणून होंडाने लक्ष्य ठेवलं ६७! ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. ७३६ सीसी, ओळीने चार सिलिंडर, चार सायलेन्सर आणि पुढच्या चाकाला चक्क डिस्क ब्रेक.

पण खपणार किती? कंपनीचा अंदाज होता वर्षाला १,५०० चा. एवढ्याशा गाड्यांसाठी दाबाने ओतकाम करायचे महागडे साचे कोण बनवणार? म्हणून इंजिनाचे क्रॅंककेस साध्या धातूच्या साच्यात, रस नुसता वरून ओतून काढले. पृष्ठभाग खडबडीत आला. लोकांना वाटलं हे वाळूच्या साच्यातलं काम, आणि तेच नाव चिकटलं.

१९६९ मध्ये विक्री सुरू झाली आणि अंदाज पार कोसळला. वर्षाचा आकडा महिन्याचा झाला, मग महिन्याला ३,००० वर गेला. १९७० मध्ये डिक मानने याच गाडीच्या रेसिंग आवृत्तीवर डेटोना २०० जिंकली. तोवर नवे साचे आले होते, इंजिनं गुळगुळीत झाली होती.

आज अशी गाडी हाती घ्यायची तर आधी चॅसिस आणि इंजिन, दोन्हींचे क्रमांक बघायचे. ते तंतोतंत जुळत नाहीत, कारखान्यातूनच थोडे पुढेमागे असत. त्यामुळे न जुळणं हा दोष नाही. उलट अगदी हुबेहूब जुळले तर शंका घ्यावी. मग कार्ब्युरेटर. सुरुवातीच्या गाड्यांत चार कार्ब्युरेटरना चार वेगळ्या केबल होत्या. चारही सारख्या ओढल्या जाव्यात म्हणून जुळवत बसणं कटकटीचं, म्हणून पुष्कळांनी नंतरच्या गाड्यांचे कार्ब्युरेटर बसवून टाकले. मूळ सेट मिळवायला वर्षं जातात.

सगळ्यात नाजूक जागा पुढच्या स्प्रॉकेटच्या मागे. त्या काळच्या चेनना एवढी ताकद झेपत नसे. चेन तुटली की उसळून क्रॅंककेसच फोडायची. मग कुणी वेल्डिंग केलं, कुणी पुढच्या मॉडेलचा केस घातला. न फुटलेला मूळ केस म्हणूनच दुर्मिळ.

आणि एवढं सगळं जमल्यावर खरा मोह होतो तो पॉलिशचा. तो खडबडीत अॅल्युमिनियम घासून आरशासारखा करायला हात शिवशिवतात. पण तो खडबडीतपणा म्हणजे १९६९ मधली होंडाची धाकधूकच आहे. आपली गाडी चालेल याची खुद्द कंपनीला खात्री नव्हती, हे दुसरीकडे कुठे इतकं बोटाला लागत नाही. घासून गुळगुळीत केली तर गाडी सुंदर दिसेल, पण ती १९७१ ची दिसेल.