खाडाखोड नसलेली वही

२०११ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरची गोष्ट. इराणमधील एक गृहस्थ आपली पत्रे पाहण्यासाठी जीमेल उघडू गेला, तो क्रोम नावाच्या ब्राउझरने त्याला दारातच अडविले. समोर दिसते आहे ते दार गूगलचे नव्हे, असा त्या इशाऱ्याचा मथितार्थ. आपण असतो तर कपाळाला आठी घालून पुन्हा एकदा कळ दाबली असती. या गृहस्थाने मात्र, ‘हा काय प्रकार आहे?’ म्हणून चारचौघांत विचारले. आणि त्या एका साध्या प्रश्नाने हॉलंडमधील एक प्रतिष्ठित कंपनी महिन्याच्या आत रसातळाला गेली.

हकीगत नीट उमगावी म्हणून दाखल्यांचा व्यवहार थोडा सांगितला पाहिजे. आपण इंटरनेटवर बँकेच्या दारी जातो तेव्हा पलीकडचे यंत्र प्रथम एक दाखला पुढे करते: ‘मी अमुकच बँक, तोतया नव्हे.’ हा दाखला देतात तिसऱ्याच संस्था. कोणत्या संस्थांचा शिक्का मानावयाचा, याची यादी आपल्या ब्राउझरात किंवा संगणकात आधीच भरलेली असते. शिक्का ओळखीचा दिसला की दार उघडते. इथवर सारे ठीक. परंतु यादीतील जवळजवळ कोणतीही संस्था जगातील कोणत्याही नावाचा दाखला देऊ शके! कोकणातल्या तलाठ्याने विदर्भातल्या जमिनीचा उतारा लिहून द्यावा आणि तो नागपूरच्या कचेरीत निमूटपणे चालावा, त्यातलीच गत. शिवाय कोणी कोणाला किती दाखले दिले, हे ज्याच्या हाती शिक्का त्यालाच ठाऊक.

हॉलंडमधील बेव्हरवाइक गावच्या डिजिनोटार या कंपनीच्या हाती असाच शिक्का होता. डच सरकारची स्वतःची संकेतस्थळेसुद्धा तिच्या दाखल्यांवर चालत. २०११ च्या जूनमध्ये तिच्या यंत्रांत चोर शिरले. १० जुलैला त्यांनी गूगलच्या नावाचा खोटा दाखला काढला. असे खोटे दाखले एकूण ५३१ निघाल्याचे पुढे आढळले. १९ जुलैला कंपनीला चोरी कळली. तिने सापडले तेवढे दाखले गुपचूप रद्द केले आणि तोंडाला कुलूप घातले. सरकारला सांगितले नाही, ज्यांची नावे चोरली त्यांना सांगितले नाही. तो इराणी गृहस्थ बोलेपर्यंत पाच आठवड्यांहून अधिक काळ लोटला होता. तपासात जवळजवळ तीन लाख पत्त्यांवरून लोक त्या खोट्या दारातून गेल्याचे दिसले, आणि ते जवळजवळ सारेच इराणमधले. तिथे सरकारविरुद्ध लिहिलेल्या एका पत्रापायी माणूस तुरुंगात जातो. त्यांची पत्रे आणि परवलीचे शब्द मधल्यामध्ये कोणाच्या हाती पडले असतील, याची कल्पनाच करावी.

त्या इराण्याला इशारा मिळाला तो तरी योगायोगानेच. गूगलने आपल्या दाखल्यांवर कोणाचे शिक्के चालतील, हे स्वतःच्या ब्राउझरात नुकतेच कोरून ठेवले होते. इतर नावांच्या वाट्याला हे भाग्य नव्हते. ३ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर डच मंत्र्यांना वार्ताहर बोलावून, सरकारच्याच संकेतस्थळांची हमी देता येत नाही, अशी कबुली द्यावी लागली. २० सप्टेंबरला डिजिनोटारचे दिवाळे वाजले.

मला वाटते, चोरी झाली यापेक्षा ती झाकता आली, हे अधिक भयंकर. गूगलमधील बेन लॉरी आणि ॲडम लँगली यांनी नेमके हेच हेरले. शिक्का आणखी मजबूत करण्याच्या खटपटीत ते पडले नाहीत. त्यांनी सुचविले ते असे: प्रत्येक दाखला एका जाहीर वहीत नोंदला जावा, ती वही कोणालाही वाचता यावी, आणि एकदा लिहिलेले कोणालाच खोडता येऊ नये. एमिलिया कास्पर यांच्यासह त्यांनी या योजनेचा मसुदा जून २०१३ मध्ये प्रसिद्ध केला.

न खोडता येणारी वही मला नवी नाही. मी शाळामास्तर. आमच्या जनरल रजिस्टरात एकदा चढलेली जन्मतारीख शिक्षणाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून मुख्याध्यापकालाही बदलता येत नाही. पण तिथे शेवटी भरवसा साहेबावरच! या वहीत साहेब नाही, गणित आहे. मॅट्रिकच्या पुढे मी गेलो नाही, तरी एवढे कळते: प्रत्येक नोंदीपासून आकड्यांचा एक ठसा निघतो, दोन ठशांचा मिळून तिसरा, तशा दोहोंचा आणखी एक, असे चढत चढत शेंड्याला एकच ठसा उरतो. खालचे एक अक्षर बदलले तर शेंडा बदलतो आणि लबाडी उघडी पडते. ही युक्ती राल्फ मर्कल यांची, १९७९ सालची.

वही जुनी होण्यापूर्वीच तिची निकड आपल्या देशाने दाखवून दिली. २ जुलै २०१४ रोजी गूगलला आपल्या नावाचे परस्पर दिलेले दाखले सापडले. ते निघाले होते दिल्लीच्या नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर या सरकारी संस्थेतून. सरकारच्या प्रमाणन नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी त्या संस्थेचा अधिकार काढून घेतला. या तत्परतेबद्दल त्यांना दाद दिली पाहिजे. पुढे त्यांनी कळविले की गैरदाखले चारच: तीन गूगलच्या नावांचे, एक याहूच्या. गूगलने उत्तर दिले, या चारांत नसलेलेही आम्हांला ठाऊक आहेत. मग एकूण किती? सांगणार कोण? हे दाखले जाहीर वहीत चढविण्याची सक्ती तेव्हा नव्हती. क्रोमने भारताचा तो शिक्का गव्ह डॉट इन वगैरे मोजक्या नावांपुरताच मानावयाचे ठरविले.

आता याच्याशेजारी पुढच्या वर्षीचे उदाहरण ठेवा. सप्टेंबर २०१५ मध्ये सिमँटेक या बड्या अमेरिकन कंपनीने गूगलच्या नावाचा दाखला परस्पर काढला. तो वहीत चढला होता, म्हणून गूगलच्या नजरेस आला. ‘चाचणीसाठी २३ दाखले निघाले,’ असा खुलासा कंपनीने केला. गूगलच्या मंडळींनी वह्या चाळल्या, तेव्हा काही मिनिटांतच आणखी संशयास्पद दाखले हाती लागले. कंपनीने पुन्हा शोध घेतला. आणखी १६४ निघाले, आणि अस्तित्वातच नसलेल्या नावांचे तब्बल २,४५८! तिथे चारांवर वाद थांबला, इथे तेविसांवर थांबू शकला नाही. पुढे ब्राउझरांनी सिमँटेकचे शिक्के मानणेच सोडले.

वही चालविण्याची आणि तपासण्याची साधनेही मुक्तस्रोत ठेवली गेली. गूगलचे ट्रिलियन त्यांपैकीच. हिशेबनीसाचे गणितसुद्धा कोणीही तपासावे, हा हेतू. क्रट डॉट एसएच या शोधयंत्रात कोणतेही नाव घालावे, त्याच्या दाखल्यांची यादी पुढे येते. ते उभारले कोमोडोने. २०११ च्या मार्चमध्ये जिच्या नावावर नऊ खोटे दाखले निघाले, तीच ही कंपनी! ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या दाखल्याला वहीची पावती जोडलेली असलीच पाहिजे, असा नियम क्रोमने केला. त्याच वर्षी ॲपलने तो उचलला. फायरफॉक्सला मात्र २०२५ उजाडावे लागले.

गणिताचा कडकपणा किती, ते २०२१ च्या जूनमध्ये दिसले. डिजिसर्ट कंपनीच्या ‘यती’ नावाच्या एका वहीत अवघे एक बिट उलटले. अंतराळातून आलेल्या एखाद्या किरणाचा तो प्रताप असावा, असा तर्कही काहींनी लढविला. लबाडी कोणाचीच नव्हती. पण शेंड्याचा ठसा जुळेना, आणि दुरुस्ती म्हणजे खाडाखोड! ती वही नव्या नोंदींना कायमची बंद झाली.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोएशियातील फिना या संस्थेचे प्रकरण निघाले. क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.१ हा पत्ता असंख्य लोक वापरतात. फिनाने त्याचे १२ दाखले कंपनीला न विचारता, चाचणीसाठी म्हणून काढले होते. पहिला फेब्रुवारी २०२४ मधला. म्हणजे दीड वर्ष नोंदी उघड्यावर पडल्या होत्या आणि कोणी वाचल्या नव्हत्या. क्लाउडफ्लेअर स्वतः अशा वह्या चालविते, दाखला निघाला की मालकाला वर्दी देण्याची सोयही करते. परंतु अशा अंकी पत्त्याचा दाखला निघाला तर घंटा वाजावी, ही तजवीज करावयाची राहून गेली होती.