शर्यत हरलेली ध्वनियंत्रे

जुनी ध्वनियंत्रे बाळगणाऱ्याच्या घरी पाहुणा आला की दोन प्रश्न ठरलेले. ‘याचे आज किती येतील?’ आणि ‘हे अजून वाजतं का?’ पहिल्या प्रश्नाला उत्तर देणारी पुस्तके, लिलावांच्या याद्या आणि जाणकार पुष्कळ आहेत. हे पुस्तक दुसऱ्याच्या बाजूचे आहे. गाजलेल्या कंपन्यांचे गाजलेले नमुने यात फारसे सापडणार नाहीत. घराघरांत पोचावीत म्हणून बनवली गेली आणि पोचलीच नाहीत, किंवा पोचून थोड्याच वर्षांत माळ्यावर गेली, अशा यंत्रांचा हा अभ्यास आहे. या वाटेला नव्याने येणाऱ्यांना काही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी दुर्मिळपणाविषयी. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन अजूनही मिळतो. त्यातले बरेचसे अलीकडे जुळवलेले असतात. पेटी नवी, कर्णा नवा, मोटर कुठल्या तरी मोडीत निघालेल्या ग्रामोफोनची आणि वर कुत्र्याचे चित्र. दिवाणखान्यात तो शोभतो, अभ्यासाला त्याचा उपयोग नाही. त्याच दुकानात खालच्या फळीवर धूळ खात पडलेली, कुणालाच नाव सांगता न येणारी राखाडी पेटी मात्र उचलून पाहावी. काही यंत्रे मुळातच थोडी बनली. काही भरपूर बनली आणि भंगारात गेली. आणि काही आपापल्या काळातली शर्यत हरली. मला या तिसऱ्या वर्गात सर्वाधिक रस आहे, कारण हरण्याचे कारण पुष्कळदा यंत्र उघडून सापडत नाही.

टेफिफोनचेच पाहा. जर्मनीत, कोलोन येथे कार्ल डॅनियल यांनी विकसित केलेले हे यंत्र १९५०च्या दशकात घरगुती ग्राहकांसाठी बाजारात होते. डबीत प्लास्टिकची अखंड फीत असे. मात्र ती चुंबकीय नव्हती. तबकडीवर असतात तशा खाचा फितीवर उमटवलेल्या, आणि त्यांवरून सुई धावायची. एलपीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांत संपायची, तेव्हा टेफिफोनच्या मोठ्या डबीत चार तासांपर्यंत संगीत मावे. उठून बाजू उलटण्याची कटकट नाही. तरीही १९६०च्या दशकाच्या मध्याला सगळे आटोपले. यंत्रात खोट नव्हती, गाणारे मिळाले नाहीत. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी आपले नामवंत कलावंत या डबीसाठी दिले नाहीत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या वादकांची चार तासांची फीत घ्यायला गिऱ्हाईक किती येणार? आज टेफिफोन मिळाला तरी त्यावर ऐकायला काय मिळेल, हे या इतिहासानेच ठरवून ठेवले आहे.

सोनीच्या एलकॅसेटची गोष्ट याच्या उलट आहे. फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. फीत अरुंद आणि चाल संथ, त्यामुळे फुसफुस ऐकू यायची. १९७६ साली सोनीने ६.३ मिलिमीटरची फीत दुप्पट वेगाने चालवणारी मोठी कॅसेट काढली. वाजताना फीत डबीबाहेर ओढून घेतली जाई, म्हणजे डबीच्या घडणीतला कमीजास्तपणा आवाजात उतरायचा नाही. विचार पक्का होता, पण वेळ टळून गेली होती. मधल्या काळात साधी कॅसेटच सुधारली होती. डॉल्बी आले, क्रोमियम डायऑक्साइडच्या फिती आल्या, आणि नाकामिचीने १९७३ मध्येच तीन हेडचे डेक बनवून दाखवले. सोनीने १९८०च्या सुमारास हा उद्योग गुंडाळला आणि उरलेला माल फिनलंडमध्ये स्वस्तात निकाली काढला. एलकॅसेटच्या संग्राहकांना फिनलंड हे नाव उगीच तोंडपाठ नसते.

हरलेल्याचे सगळेच वाया जाते, असेही नाही. १९७०च्या दशकात जेव्हीसीने सीडी-४ ही चार वाहिन्यांची तबकडी काढली. पुढच्या आणि मागच्या स्पीकरांच्या आवाजातला फरक ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवून त्याच खाचेत कोरलेला असे. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पलीकडे ऐकत नाही, पण सुईला तिथवरचे सगळे टिपावे लागे. नेहमीच्या सुईला ते जमेना, म्हणून नोरिओ शिबाता यांनी खाचेच्या भिंतीला अधिक लांबीवर टेकणारी नवी घडण तयार केली. चार वाहिन्यांचे खूळ दशक सरता सरता ओसरले. शिबाता सुई मात्र आजही नव्या कार्ट्रिजांत बसवून विकली जाते, साध्या स्टीरिओ तबकड्यांसाठी.

काही यंत्रे इतक्या नेमक्या दोषावर बेतलेली असतात की तो दोष समजल्याशिवाय यंत्र म्हणजे निव्वळ चैन वाटते. १९८२ सालचा नाकामिची टीएक्स-१००० हा टर्नटेबल त्यांतला. तबकडीचे भोक अर्धा मिलिमीटर जरी मध्यापासून सरकलेले असले, तरी आतल्या खाचांवर सूर सुमारे ०.८ टक्का वर आणि तेवढाच खाली जातो, आणि ३३⅓च्या वेगाला हे दर १.८ सेकंदांनी घडते. टीएक्स-१००० तबकडीच्या शेवटच्या रिकाम्या खाचेवर एक वेगळा भुज नेऊन ही चूक मोजतो आणि तबकडीखालची बैठक सरकवून ती दुरुस्त करतो. एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटत असेल तर ख्यालाची एखादी एलपी लावून पाहावी. द्रुत तानेत काही कळणार नाही, पण तानपुऱ्याचा षड्ज ताबडतोब चुगली करतो. माझ्या मते या यंत्राची कदर आपल्या संगीताच्या श्रोत्याला इतरांहून लवकर कळावी.

आता तार-मुद्रकाकडे येऊ. त्याला या पुस्तकात सर्वांत जास्त पाने दिली आहेत. डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पोल्सेनने १८९८ मध्ये तारेवर चुंबकीय मुद्रण करून दाखवले. घरगुती वापराला ते आले दुसऱ्या महायुद्धानंतर, मुख्यतः अमेरिकेत. वेबस्टर-शिकागोसारख्या कंपन्यांच्या यंत्रांत पोलादाची तार जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीची आणि वेग सेकंदाला सुमारे ६१ सेंटिमीटर. तासाभराच्या रिळात जवळजवळ २.२ किलोमीटर तार! ती रिळावर सारखी बसावी म्हणून हेड सावकाश वर-खाली होत राहते. तार तुटली तर दोन टोकांची गाठ मारायची, उरलेली शेपटे कातरायची आणि पुढे चालू. गाठ हेडवरून जाताना बारीकसा टक्क आवाज येतो, इतकेच. पण गुंता झाला की भल्याभल्यांचा संयम सुटतो. शिवाय तार ओढायला वेगळा दांडा नसतो, घेणारे रीळच ती ओढते. रीळ भरत जाईल तसा वेग वाढतो, आणि वेगळ्या व्यासाचे रीळ असलेल्या यंत्रावर तेच मुद्रण वेगळ्या पट्टीत ऐकू येते.

हे बारकावे केवळ हौसेचे नव्हेत. १९४६ साली शिकागोतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बोडर तार-मुद्रक घेऊन युरोपात गेले आणि नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांच्या मुलाखती त्यांनी त्यांच्याच आवाजात टिपल्या. फ्रान्समधल्या हेनोनव्हिल येथे त्यांनी काही गाणीही मुद्रित केली होती. ते रीळ अनेक दशके बेपत्ता होते. अखेर अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठाच्या मानसशास्त्र-इतिहास केंद्रात ते निघाले. डब्यावर गावाचे नाव चुकीचे लिहिलेले होते. पण रीळ हाती आल्याने काम झाले नाही. ते वाजवता येईल असे यंत्र मिळवून जुळवून घेईपर्यंत तिथल्या लोकांना थांबावे लागले, आणि २०१७ मध्ये ती गाणी पुन्हा ऐकता आली. तार होती, तिच्यावर गाणी होती, आणि यंत्र नसल्यामुळे ती मुकी होती. कुणाच्या तरी माळ्यावर चालू स्थितीत राहिलेले तार-मुद्रक अशा वेळी अभिलेखागाराइतकेच कामाला येते. म्हणून हे यंत्र चालते ठेवणे हा मी संग्राहकाचा पहिला धर्म मानतो, आणि मूळ अवस्थेला धक्का नको म्हणून ते कधीच न वाजवणाऱ्यांशी माझे जमत नाही.

आपल्याकडे परदेशी यंत्र चालवायचे तर विजेचा विचार आधी. अमेरिकन यंत्राला ११७ व्होल्ट लागतात हे सगळ्यांना माहीत असते आणि ट्रान्सफॉर्मर लगेच आणला जातो. तिथली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५०ची, हे मात्र लक्षात राहत नाही, आणि ट्रान्सफॉर्मर ते बदलू शकत नाही. पुष्कळ जुन्या मोटरींचा वेग हर्ट्झवरच ठरतो. अशी मोटर इथे सहाव्या हिश्शाने मंद चालते आणि पांढरी एकचा षड्ज खाली पांढरी सहाच्या जवळ जाऊन बसतो. त्यावर उपाय पुलीचा व्यास बदलण्याचा, नाही तर वारंवारिता बदलून देणारा वेगळा पुरवठा लावण्याचा.

दुसरी खबरदारी सिरीज बल्बची. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा पुण्यात तपकीर गल्लीतल्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा, बरीच वर्षे बंद असलेली पेटी तो थेट प्लगला लावणार नाही. आधी तंतूचा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब लख्ख पेटला आणि पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, मंदावला तर पुढे जायला हरकत नाही. एलईडी बल्ब या कामाचा नाही. सेलेनियमचा रेक्टिफायर दिसला तर तो बदलावाच, कारण तो जळाला की निघणारा धूर दुर्गंधी आणि विषारी असतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या डेकांचा रबरी पट्टा बऱ्याचदा डांबरासारखा वितळलेला सापडतो. तो स्पिरिटने पुसून काढायचा, पण हेडला लागू द्यायचा नाही. बदललेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून पाकिटात ठेवावा. पुढच्या माणसाला मूळ काय होते ते कळले पाहिजे.

राहता राहिला आपल्या घरचा मामला. जगात बहुतेक ठिकाणी ७८च्या तबकड्या १९६०च्या आसपास थांबल्या, पण भारतात त्या पुढेही निघत राहिल्या. बीटल्सची गाणी ७८वर छापली गेली ती कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात. त्यामुळे आपल्याकडच्या घरगुती प्लेअरांना दोन्ही प्रकारच्या तबकड्या वाजवाव्या लागत. सुमारे ७५ मायक्रॉनची सुई ७८साठी आणि २५ची एलपीसाठी, अशा दोन सुया एकाच कार्ट्रिजवर पाठीला पाठ लावून असत आणि कळ फिरवून हवी ती खाली आणायची. तबकड्यांच्या बाबतीत मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९०पासून नेटाने काम करते आहे. त्या तबकड्या ज्यांवर वाजल्या त्या यंत्रांची नोंद मात्र तेवढ्या आस्थेने झालेली नाही. एचएमव्हीचा फिएस्टा, सोनोडाइन आणि कॉस्मिकचे अ‍ॅम्प्लिफायर आठवणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांच्या सर्किटची आकृती मागितली की शोधाशोध सुरू होते. कुणाच्या कपाटात दुकानदाराचे माहितीपत्रक, हमीपत्र किंवा मेकॅनिकच्या वहीतले पान असेल, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी त्याची एक प्रत काढावी, ही विनंती.

या पुस्तकाची मांडणी वर्षांच्या क्रमाने केलेली नाही. यंत्रे का हरली, त्या कारणांनुसार प्रकरणे पाडली आहेत. त्यामुळे टेफिफोन आणि एलकॅसेट दूरदूर सापडतील. रेडिओ, चित्रपटगृहातली आणि मोटारीतली यंत्रे वगळली आहेत. रेडिओला स्वतंत्र ग्रंथच हवा. पाने क्रमानेच वाचावीत असा आग्रह नाही. ज्यांच्या टेबलावर आत्ताच एखादी अनोळखी पेटी येऊन बसली आहे, त्यांनी वीज देण्यापूर्वीच्या तपासण्यांचे प्रकरण आधी उघडावे आणि इतिहास सवडीने पाहावा.