सक्तीचे दोन हजार फूट

गेल्या पंधरवड्यात प्रभातचा ‘संत तुकाराम’ आणि फिल्म्स डिव्हिजनचे दोन-तीन जुने अनुबोधपट लागोपाठ पाहण्याचा योग आला. आणि एकाच तिकिटावर हे दोन्ही प्रकार दाखवले जात असताना, एकासाठी रांगा लावणारी मंडळी दुसरा संपेपर्यंत बाहेर शेंगदाणेवाल्यापाशी कशी रेंगाळत असत, ते आठवून हसू आले.

वस्तुतः वडीलकीचा मान अनुबोधपटाचाच. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली, आणि १९०१ मध्ये विलायतेहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांचे स्वागतही पडद्यावर आणले. दादासाहेब फाळके यांनीसुद्धा पुराणकथेला हात घालण्यापूर्वी कुंडीत वाटाणा पेरून, दिवसांमागून दिवस त्याचे थोडथोडे चित्रण करून, अंकुराच्या वाढीची छोटी फिल्म सिद्ध केली आणि ती दाखवून भांडवलदाराचा विश्वास संपादन केला. म्हणजे १९१३ च्या राजा हरिश्चंद्राला राज्य मिळाले ते एका वाटाण्याच्या जामिनावर!

पुढे १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला तेव्हा मात्र पारडे फिरले. संगीत नाटकावर पोसलेल्या प्रेक्षकाला गाण्यावाचून नायक अपुरा वाटे, आणि नायकाची भूमिका व संगीत ही दोन्ही कामे गोविंदराव टेंबे यांच्याकडेच होती, यातच सारे आले. चार वर्षांनी केशवराव भोळे यांच्या संगीतात विष्णुपंत पागनीस तुकोबा होऊन गायले, आणि तो बोलपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला.

अनुबोधपटाच्या नशिबी मात्र सरकारी फर्मान आले. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, भारत संरक्षण नियमांच्या आधारे प्रत्येक चित्रगृहावर सरकारमान्य लघुपट दाखवण्याची सक्ती झाली. युद्ध संपल्यावर ती सक्ती उठली खरी; पण राज्य बदलले, १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले, आणि तीच सक्ती चित्रगृहाच्या परवान्यातली शर्त होऊन परत आली. सुमारे दोन हजार फूट, म्हणजे बावीस मिनिटांचा ऐवज; तोही फुकट नव्हे, त्याचे भाडे मालकाकडून वसूल होई. धरणे, पूर, लसीकरण, खेडोपाडीचे कारागीर यांचा जो दस्तऐवज त्यातून जमा झाला तो आज मोलाचा वाटतो खरा. पण निवेदकाचा तो हेडमास्तरी आवाज चित्राला क्षणभरही एकटे सोडीत नाही, ही तक्रार माझ्याने मागे घेववत नाही.

उलट दामले-फत्तेलाल यांच्या तुकारामात गाणे थांबते तेव्हा गौरीबाईंची जिजाई दिसते. म्हशीला घासताना तिचा हात कसा चालतो, पदर कसा खोचलेला असतो, आणि पोराच्या दुखण्याने कावलेली ती हातात वहाण घेऊन थेट पांडुरंगासमोर कशी उभी ठाकते! तिच्या घरातली चूल, दारातली माती आणि कपाळावरची आठी यांवर कोणाचेही निवेदन नाही. परवा ते दृश्य पाहताना आमच्या घरातली, इतर वेळी पडद्यापुढे हटकून डुलकी घेणारी वृद्ध मंडळी ताठ बसली, आणि म्हैस पुढे गेली तशी एका आजीबाईंनी तिच्या जातीविषयी स्वतंत्र चर्चाच सुरू केली.