पानावाटें पोसलेली वनौषधि

अंगणांतली तुळस पिवळी पडली, कीं आपण तिच्या मुळाशीं पाणी घालतों. झाडानें मुळांवाटेंच खावें, हा समज जुना आहे. त्याला मोठा धक्का फ्रान्समध्यें बसला. शातियों-स्यूर-सेन येथील रसायनशास्त्राचे अध्यापक यूझेब ग्री यांनीं १८४३ च्या सुमारास फिकट पडलेल्या पानांस हिराकसाचें पातळ पाणी लावलें, आणि तीं पुन्हां हिरवीं झालीं. त्यांचे चिरंजीव आर्थर ग्री यांनीं १८५७ मध्यें या हिरवेपणाचा सूक्ष्मदर्शकाखालीं शोध घेतला.

या ज्ञानाचें मोल हवाई बेटांवर कळलें. तेथील अननसाचे मळे लोहाची वाण नसलेल्या जमिनींतही पिवळे पडत. जमिनींत मँगनीज फार झाल्यामुळें झाडांना लोह लाभत नाहीं, असें मॅक्सवेल जॉन्सन यांनीं १९१६ सालीं दाखविलें. कोठार भरलेलें, पण दार बंद! तेव्हां हिराकसाचें पाणी पानांवरच फवारण्याचा उपाय रूढ झाला. आपल्या दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींतही असेंच कोठार बंद होतें. उसावर 'केवडा' पडतो, त्यामागें पुष्कळदां लोहाची उपासमार असते.

पुढें इंग्लंडांत कॅथरिन वॉरिंग्टन यांनीं १९२३ मध्यें बाकल्याला बोरॉन अपरिहार्य असल्याचें सिद्ध केलें. अमेरिकेंत सॉमर व लिपमन यांनीं १९२६ मध्यें जस्ताची गरज पटवून दिली. १९५० नंतरच्या दशकांत मिशिगन येथें ट्यूकी व विटवर यांनीं किरणोत्सर्गी अणूंचा माग काढून, पानावर पडलेलें अन्न आंत शिरून झाडांत फिरतें, हें दाखविलें.

वनौषधींचा प्रश्न मात्र याहून नाजूक आहे. ऊस वजनावर विकला जातो. औषधी पाल्याची पारख त्याच्या गुणावर होते, आणि भरघोस हिरवेपणा म्हणजे गुण नव्हे. म्हणूनच भारतीय संशोधकांनीं १९९१ मध्यें जपानी पुदिन्याविषयीं पाल्याचाच नव्हे, तर तेलाचा व मेंथॉलचा प्रश्न विचारला: त्यांसाठीं जस्त किती लागतें?

हें 'किती' फार महत्त्वाचें आहे. हिराकसाची फवारणी साधारणतः १ लिटर पाण्यांत ५ ग्रॅम या बेतानें करतात. द्रावण तीव्र झालें तर पान करपतें. शिवाय जेथें पानच औषध आहे, तेथें फवारलेला क्षार रोग्याच्या पोटांत जाण्याचा संभव असतो. यास्तव आधीं माती व पान तपासून उणीव निश्चित करावी, मगच फवारावें, आणि तोडणीपूर्वीं पुरेसे दिवस जाऊं द्यावेत. वैद्य रोग्याची नाडी पाहून मात्रा ठरवितो. जें झाड उद्यां औषध होणार, त्याला तरी याहून कमी काळजी कां मिळावी?