सर्व हक्क स्वाधीन

जुन्या संगीत नाटकाचे एखादे पुस्तक हाती घेऊन पाहावे. मुखपृष्ठामागच्या पानावर बहुधा तीन शब्द छापलेले आढळतात : ‘सर्व हक्क स्वाधीन’. आत गेले की पदांच्या माथ्यावर दुसरी एक बारीक नोंद दिसते. ‘चाल’ असे म्हणून तेथे आधीच्या कुठल्या तरी लावणीचे, भजनाचे, कानडी किंवा पारशी नाटकातल्या गाण्याचे पहिले दोन-चार शब्द दिलेले असतात. बाहेर मालकीची द्वाही आणि आत उसनवारीची उघड कबुली, असा हा प्रकार आहे. आमच्या आजेपणज्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. शब्द ज्याचे त्याचे. चाल मात्र नदीच्या पाण्यासारखी, ज्याने त्याने आपल्या घागरीने भरून न्यावी. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले ते असेच भरून आणलेले पाणी घेऊन, आणि १८९९ च्या देवलांच्या ‘शारदे’नेही ही रीत मोडली नाही.

चाल उसनी घेण्यामागे कधी सोय असते, कधी खोडी. श्रोत्याच्या कानात एक गाणे आधीच वाजत असते. त्यावर भलतेच शब्द चढवले की जुने आणि नवे एकमेकांवर घासते व त्यातून हसू फुटते. गणेशोत्सवातले मेळे, तमाशातले वग, शिमग्याची सोंगे, निवडणुकीत गल्लोगल्ली फिरणारे कर्णे, ही सारी ह्या खोडीचीच घराणी होत. ग्रंथात हीच खोडी आचार्य अत्र्यांनी केली. १९२५ साली ‘केशवकुमार’ ह्या नावाने त्यांनी ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली आणि त्या काळच्या मानी कवींच्या रचनेचे साचे, त्यांचे लाडके शब्द, त्यांचे उसासे उचलून त्यांना भलत्याच विषयांवर बसविले. त्या वेळी ह्या देशात ग्रंथस्वामित्वाचा कायदा नव्हता असे नाही. १८४७ साली तो प्रथम झाला, आणि तो करणारे सरकार कंपनीचेच होते, ही गोष्ट पुढे जे सांगावयाचे आहे त्यामुळे आम्हांला जरा गमतीची वाटते. १९१४ साली विलायतेचा १९११ चा कायदा काही फेरफारांसह इकडे लागू झाला, आणि त्यात टीकेसाठी दुसऱ्याच्या कृतीचा रास्त उपयोग करण्यास मोकळीक होती. अत्र्यांचे पुस्तक राहिले, कवीही राहिले. काव्यरसिकांच्या घरात दोघांची पुस्तके एकाच फळीवर बसली.

हसण्याची धास्ती त्या काळी कवींपेक्षा सरकारला अधिक होती. १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा हा मुळी एका प्रहसनामुळेच उद्भवला. कलकत्त्याच्या एका वकिलाने प्रिन्स ऑफ वेल्सला आपल्या घरच्या जनानखान्यात नेले, नाटकवाल्यांनी त्याची रेवडी उडवली, आणि सरकारने साऱ्या देशासाठी कायदा करून टाकला. त्या कायद्याची धग नाशिकइतकी फार थोड्या शहरांना ठाऊक असेल. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती पद्ये छापल्याबद्दल. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री येथल्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन ह्यांच्यावर अनंत कान्हेरे ह्यांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा प्रयोग होता ‘शारदे’चा. त्यानंतर लवकरच, १९१० साली, खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली. ही बंदी अन्यायाची होती. पण तिची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती सरकारच्या नावाने आली, लेखी हुकुमाने आली, आणि कोणी कोणाचे तोंड दाबले ते साऱ्या महाराष्ट्राला समजले. बंदी घालणाऱ्याला बदनामी सोसावी लागली. हा कायदा केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये रद्द केला.

आता मार्च २०२५ मधली हकीकत. मुंबईत खार येथील ‘हॅबिटॅट’ नावाच्या लहानशा रंगमंचावर कुणाल कामरा ह्या विनोदकाराने ‘नया भारत’ हा कार्यक्रम केला आणि त्याची चित्रफीत यूट्यूबवर ठेवली. त्यात हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवर राजकीय विडंबने होती. ‘दिल तो पागल है’ ह्या १९९७ च्या चित्रपटातील एका गाण्याच्या चालीवर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे ह्यांच्याविषयी काही ओळी होत्या. त्यांचे नाव नव्हते, पण रोख लपलेला नव्हता. २३ मार्चच्या रात्री शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी त्या रंगमंचाची मोडतोड केली, दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक बेकायदा बांधकाम म्हणून हातोडे घेऊन आले, गुन्हे नोंदले गेले. खार पोलिसांकडे जे गुन्हे वर्ग झाले, त्यांपैकी एक जळगावच्या महापौरांच्या तक्रारीवरून होता व दोन नाशिककडील एका हॉटेलचालकाच्या आणि एका व्यावसायिकाच्या. तेव्हा ही गोष्ट मुंबईची म्हणून गोदाकाठच्या मंडळींना अंग झटकता येणार नाही. पुढे एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कामरा ह्यांच्या अटकेला मनाई केली.

हे सारे वर्तमानपत्रांतून गाजले. त्याच गदारोळात घडलेली एक लहान गोष्ट मात्र आम्हांला अधिक विचार करण्याजोगी वाटते. २६ मार्चला कामरा ह्यांनी जाहीर केले, की टी-सिरीज ह्या गाण्यांच्या कंपनीच्या कॉपीराइटच्या दाव्यावरून आपल्या चित्रफितीचे दर्शन आणि उत्पन्न रोखले गेले आहे. हा दावा शिंद्यांवरील गाण्याचा नव्हताच. त्याच कार्यक्रमात १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’मधील ‘हवा हवाई’च्या चालीवर केंद्रीय अर्थमंत्र्यांविषयी एक विडंबन होते, आणि त्या चालीचे हक्क ह्या कंपनीकडे होते. मूळ गाण्याचे शब्द आपण घेतले नाहीत, मूळ वाद्यमेळही वाजवला नाही, विडंबन हा रास्त उपयोग आहे, असे कामरा म्हणाले. संगीतरचना वापरण्याची परवानगी घेतली नव्हती, असे कंपनीचे म्हणणे. हातोडा घेऊन येणारा निदान दिसतो, त्याचे छायाचित्र छापून येते. दावा आला आणि फीत अडली, ह्या दोन गोष्टींच्या मध्ये कोणी पंच नव्हता, सुनावणी नव्हती, आणि कंपनीला कोणी सेन्सॉर म्हणण्याचे कारण नव्हते. ती फक्त आपली मालमत्ता राखत होती.

येथे कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. चाल ही आज कायद्याने संगीतकाराची आणि त्याच्याकडून हक्क घेणाऱ्याची मालमत्ता आहे; नदीच्या पाण्याचा दृष्टांत न्यायालयात चालत नाही. शिवाय अत्र्यांनी ज्या कवींच्या रचना घेतल्या त्यांचीच थट्टा केली. कामरा ह्यांनी चाल एका गाण्याची घेतली आणि थट्टा केली अर्थमंत्र्यांची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली ‘प्रिटी वुमन’ ह्या गाण्याच्या विडंबनाचा खटला चालवताना हा भेद मोठ्या बारकाईने केला : जी कृती घेतली तिच्यावरच टीका असेल तर घेणाऱ्याची बाजू बळकट, दुसऱ्या कोणावर असेल तर त्याला अधिक समर्थन द्यावे लागेल. हा मुद्दा टाकाऊ नाही. परंतु मेळ्यापासून वगापर्यंत आमच्याकडचे बहुतेक विडंबन ह्या दुसऱ्याच जातीचे आहे, आणि आमच्या कायद्यात टीकेची मोकळीक त्या कृतीच्या ‘किंवा अन्य कोणत्याही कृतीच्या’ टीकेपर्यंत पोचते. मंत्र्याचा कारभार ही ‘कृती’ होते काय, हा प्रश्न वकिलांना चांगला दिवसभर पुरेल. अशा प्रश्नाचा निकाल यंत्राने किंवा कंपनीच्या कारकुनाने द्यावा, हे आम्हांला पटत नाही.

आणखी एक जुनी आठवण. ज्यांच्या घरी १९८० नंतरच्या दशकात कॅसेटचे यंत्र आले, त्यांना नव्या गळ्यांनी गायिलेली रफी-किशोरांची गाणी आठवत असतील. मूळ ध्वनिमुद्रिका एच.एम.व्ही.ची, तीच चाल, तेच शब्द, गाणारा दुसरा आणि किंमत कितीतरी कमी. ह्या धंद्यात सर्वांत पुढे आलेली कंपनी म्हणजे १९८३ साली सुरू झालेली सुपर कॅसेट्स, हीच आजची टी-सिरीज. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, मालकाला नोटीस देऊन आणि ठरलेले मानधन भरून दुसऱ्याच्या गाण्याची नवी ध्वनिमुद्रिका काढण्यास वाव होता. त्या वाटेने ही कंपनी वाढली. वाट कायदेशीर होती. एच.एम.व्ही.ला ती खुपली आणि ‘हम आपके हैं कौन’च्या अशाच कॅसेटवरून दोन्ही कंपन्या दिल्लीच्या उच्च न्यायालयात भांडल्या, नाव आणि वेष्टन ग्राहकाची फसगत होईल इतके सारखे ठेवू नका, असा न्यायालयाने १९९६ साली निर्बंध घातला. उसन्या चालीवर उभ्या राहिलेल्या घराने उसन्या चालीविषयी इतके कडक असावे ह्याचे नवल करू नये. सुनेची सासू झाली की असेच होते.

असा दावा उपयोगी पडतो हे परदेशी कंपन्यांना फार आधी उमगले होते. अमेरिकेने १९९८ साली कायदा केला, की मालकाची नोटीस येताच मजकूर उतरविणाऱ्या संकेतस्थळाला जबाबदार धरू नये. हेतू समंजस होता. पण ऑक्टोबर २००९ मध्ये तेथील व्यापाऱ्यांच्या बलाढ्य संघटनेने, यूएस चेंबर ऑफ कॉमर्सने, आपली नक्कल करणाऱ्या एका विनोदी संकेतस्थळाविरुद्ध हीच नोटीस वापरली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिन ह्या जर्मन कंपनीने ‘डाउनफॉल’ चित्रपटातील हिटलरच्या संतापाच्या प्रसंगावर लोकांनी रचलेली शेकडो विडंबने यूट्यूबच्या ओळखयंत्राकरवी उतरवून टाकली. चित्रपटाच्या दिग्दर्शकाला स्वतःला ती विडंबने आवडत होती! ते यंत्र सूर आणि चित्र जुळते का एवढेच पाहते. हसू त्याला ओळखता येत नाही.

आमच्या न्यायालयांत असे प्रश्न गेले तेव्हा विडंबनकारांना न्याय मिळाला नाही असे नाही. केरळात तोप्पिल भासी ह्यांचे १९५२ चे ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की’ हे नाटक फार गाजलेले. सिविक चंद्रन ह्यांनी १९९५ साली त्यातलीच पात्रे आणि काही संवाद घेऊन त्याचे प्रतिनाटक लिहिले आणि ज्या क्रांतीचे मूळ नाटकात गुणगान होते तिने दलितांना काय दिले, असा प्रश्न टाकला. भासी तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या पत्नी कॉपीराइटचा दावा घेऊन न्यायालयात गेल्या आणि प्रयोगांना मनाई मिळवली. १९९६ साली उच्च न्यायालयाने ती उठविली. किती घेतले, कशासाठी घेतले, आणि नव्यामुळे जुन्याचे गिऱ्हाईक तुटते काय, हे तीन प्रश्न न्यायालयाने विचारले. तेच खरे प्रश्न होत. मुंबईच्या टाटा सन्सने ग्रीनपीसच्या ‘टर्टल विरुद्ध टाटा’ ह्या संगणकी खेळावर दहा कोटींचा दावा लावला होता. ओरिसाच्या धामरा बंदरामुळे समुद्री कासवांवर संकट येईल, अशी त्या खेळातली टीका होती. तेथे हत्यार कॉपीराइटचे नव्हते, व्यापारचिन्हाचे आणि बदनामीचे होते. पण २८ जानेवारी २०११ रोजी न्यायमूर्ती रवींद्र भट ह्यांनी अंतरिम मनाई नाकारली ती, टीकेसाठी केलेली नक्कल म्हणजे व्यापारातली चोरी नव्हे, ह्याच दिशेने विचार करून.

ह्या दोन्ही प्रकरणांत दोन्ही बाजू न्यायाधीशापुढे उभ्या होत्या. नोटिशीच्या वाटेवर तसे होत नाही. २०१२ मध्ये दुरुस्त झालेला आपला कायदा आणि २०१३ चे नियम ह्यांनी मुदती घालून दिल्या आहेत : मालकाची लेखी तक्रार आली की संकेतस्थळाने ३६ तासांत मजकूर अडवावा, आणि २१ दिवसांत मालकाने न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर तो परत खुला करण्यास हरकत नाही. परत खुला करणे त्याच्यावर बंधनकारक नाही. अमेरिकेत विडंबनकाराने उलट नोटीस दिली तर दहा ते चौदा कामाच्या दिवसांत मजकूर परत लावावा लागतो. ब्रिटनने १ ऑक्टोबर २०१४ पासून विडंबनाला कायद्यात नाव घेऊन स्थान दिले. आपल्या कायद्यात तो शब्द नाही. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध दाद मागण्याचे ६० वे कलम आहे खरे. पण त्यासाठी स्वतः वादी होऊन दिवाणी दावा लावायचा, वकील द्यायचा, तारखा घ्यायच्या. एका गाण्यासाठी हे करील असा मेळेवाला आम्हांला तरी भेटलेला नाही.

कामरा ह्यांना निदान देशभर नाव होते. त्यांच्या फितीविषयी दिल्लीपर्यंत बोलले गेले. नाशिकरोडचा किंवा पंचवटीचा एखादा पोरगा महापालिकेच्या खड्ड्यांवर नाहीतर एखाद्या बांधकाम कंपनीच्या जाहिरातगीतावर चार ओळी बसवील आणि मोबाइलवरून लोकांपुढे ठेवील, त्याच्याकडे कोण पाहणार? प्रचाराचा ऐन जोर साधारण पंधरवड्याचा असतो. गणपती दहा दिवसांचा. अनंत चतुर्दशीला विसर्जन होते, दुसऱ्या दिवशी मांडववाले बांबू सोडून टेंपोत भरतात, आणि २१ व्या दिवशी पितृपक्षही सरत आलेला असतो.